सुरूच्या बनापलीकडे

मुळशी, रविवार, १८ मे १९५८

आज घरी परतलो. अलिबागजवळ ह्यांच्या मित्राच्या कौलारू घरात पाच दिवस राहिलो आणि मी समुद्र पाहिला नाही. लिहितानाही खरं वाटत नाही. सुरूचं बन ओलांडलं की समुद्र, एवढाच काय तो लांब. मी चुलीपाशी बसून त्याची गाज ऐकत होते.

नऊ माणसांच्या भाकऱ्या मीच थापल्या. रोज म्हणायचे, उद्या जाईन. सासूबाई म्हणाल्या, "समुद्र काय पळून जातोय व्हय? आदी पोरास्नी जेवाय वाढ." आणि हे? ह्यांनी एक शिंपला आणून दिला, बक्षीस दिल्यासारखा. चल म्हणाले नाहीत. पण मी तरी का नाही उठले? पिठाच्या हातांनी तशीच जायला हवं होतं.

तिथली ती बादली डोळ्यांपुढून हलत नाही. समुद्रात डुंबून आलेल्या सगळ्यांचे ओले कपडे मी रोज तिच्यात खळबळायचे, तळाशी वाळू उरायची. एकदा बोट बुडवून पाणी चाखलं. खारट.

संध्याकाळी शेजारची सखू धावत आली. "वैनी, समुद्र केवढा असतोय वो?"

हे ओसरीवरच बसले होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "बादलीत मावतो."