न सापडलेल्या अक्षराचा चौकोन

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचा! दोन ट्रंका, पुस्तकांचं एक खोकं आणि मी, सगळे धडधाकट. खोली पाहून जीव हरखला. दुसऱ्या मजल्यावर, लांबट, ऐसपैस. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला खिडकीखाली कामाचं टेबल, डावीकडे दार. राहायचं आणि काम करायचं एकाच खोलीत, त्यामुळे ऑफिसला उशीर झाला ही सबब आता या जन्मी देता येणार नाही. छापखान्याचे मालक आणि बाकीची मंडळी तळमजल्यावर बसतात. मालक म्हणाले, वर तुम्हाला कोणी त्रास देणार नाही. बावन्नाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं?

काम असं आहे: एका परदेशी शाळेला शंभर वर्षं होतायत. तिच्या आजवरच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या नावांचं पुस्तक काढायचंय, सगळं जपानीत. मला जपानीतलं एक अक्षरही वाचता येत नाही हे मी आधीच कळवलं होतं. मालकांचं म्हणणं, वाचायचंय कुणाला, पानावर नीट बसवायचंय. ते मला येतं. सव्वीस वर्षं मी न वाचता पुस्तकं बसवत आलोय, मराठीसुद्धा.

५ फेब्रुवारी, बुधवार

मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, जपानी शिकवणं म्हणजे हट्टी पोराला जेवू घालण्यासारखं आहे. एक घास गिळला की दुसरा थुंकतं. ओळी उभ्या हव्यात, वरून खाली, आणि उजवीकडून डावीकडे सरकायला हव्यात. आकडे मात्र आडवे पडून झोपतात, त्यांना उठवून उभं करावं लागतं. पूर्णविराम म्हणजे एक चिमुकलं वर्तुळ, ते ओळीच्या सुरुवातीला आलेलं चालत नाही. मोठ्या अक्षरांच्या कडेला त्यांचा उच्चार सांगणारी बारीक अक्षरं बसतात, ती जरा हलली की सगळं पान पोरकं दिसतं.

माझ्या आधी इथे एक गृहस्थ होते. त्यांच्या सेटिंगच्या फायली आहेत, फार टापटीप. मालकांना त्यांच्याबद्दल विचारलं तर एवढंच म्हणाले, की एके दिवशी ते कामावर दिसले नाहीत, सामानही न्यायला आले नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीला फोन केला. बबडी आता बावीस वर्षांची आहे, दूरच्या शहरात होस्टेलवर राहून शिकते, तरी माझ्या तोंडून बबडीच निघतं. जेवलात का, जेवलीस का, थंडी आहे का, आहे. चार मिनिटं. हिची आई असताना फोन तिच्याच हातात असायचा, आम्ही दोघं मागून ओरडायचो. ती गेल्यापासून बापलेकीला बोलायला मध्ये कोणी उरलं नाही. दोन वर्षांत बबडी माझ्याकडे राहायला आलेली नाही, आणि ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रविवारी तळमजलाही बंद असतो. दुपारभर जिन्यावर पाऊल वाजलं नाही. मी दोनदा स्वतःशीच मोठ्याने बोललो आणि दोन्ही वेळा दचकलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दर मंगळवारी एक निवृत्त शिक्षिका प्रुफं तपासायला येतात. जपानी त्यांना येतं. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणतो. आज त्यांनी पहिली ऐंशी पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. जागोजागी रिकामे चौकोन. कारण साधं आहे: काही आडनावांची अक्षरं इतकी दुर्मीळ, की ती नेहमीच्या फॉन्टमध्ये नसतातच. जे अक्षर सापडत नाही, त्याच्या जागी मशीन एक रिकामा चौकोन छापतं. प्रत्येक फॉन्टमध्ये असा एक चौकोन असतो, ‘सापडलं नाही’ सांगणारा.

आधीच्या गृहस्थांनी अशी तीनेकशे अक्षरं हाताने काढून स्वतःचा फॉन्ट केला होता. मी मशीनला सांगितलं, दुसरीकडे नसेल तर यांच्यात शोध. झकास! चौकोन भराभर भरले. एकोणीस नावं उरली, ती यांच्याकडेही नाहीत. पण तिथे रिकामा चौकोन आला नाही. गृहस्थांनी आपल्या चौकोनात चित्र काढून ठेवलंय. उजव्या कोपऱ्यात एक टेबल, टेबलाशी दोन रेघांचा माणूस. डाव्या बाजूची रेघ मध्येच तुटलेली, दार असावं तशी.

बाई म्हणाल्या, माणूस लिहायचं त्यांचं अक्षर असंच असतं, दोन रेघा एकमेकींना टेकलेल्या. पण हे अख्खं अक्षर कुठल्याच कोशात नाही. मग हसून म्हणाल्या, अर्थ लावायचाच तर ‘एकटा’ असा लावा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अठरा अक्षरं काढून झाली. एकोणिसावं मुद्दामच काढलं नाही. खरं सांगायचं तर त्या चौकोनातल्या माणसाची सवय झालीय. सकाळी मशीन सुरू केलं की आधी ते पान उघडतो. परवा चौकोन कागदभर मोठा करून छापला आणि भिंतीवर टाचला. तो त्याच्या टेबलाशी, मी माझ्या. काय राव, झालं का काम, असं मी त्याला विचारतो. हसण्यासारखंच आहे, पण इथे हसायला आहे कोण?

१६ फेब्रुवारी, रविवार

बबडीचा फोन आला. तिने आपणहून केला! परीक्षा संपतेय, दोन मार्चला चार दिवस येऊ का, असं विचारत होती. मी म्हणालो, विचारतेस काय वेडे. मग मला पुढे काही बोलताच येईना. तिलाही येईना. पण दोघांनीही फोन ठेवला नाही. नवीन चादरी आणायला हव्यात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गंमत झाली. आज तेच पान छापलं तर चौकोनात दोन माणसं. दुसरा दाराच्या फटीत उभा. भिंतीवरच्या कागदात एकच आहे, म्हणजे माझ्या डोळ्यांचा दोष नव्हे. फाइलला कुणी हात लावलेला नाही, तारीख जुनीच आहे.

मनात आलं, बबडीच आली की काय आधीच! उगाच बरं वाटलं. नवा कागदही टाचला. बाईंना सर्दी झाली म्हणून आज त्या आल्या नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रोज तेवढाच मोठा करून छापतोय आणि पट्टीने मोजतोय, धंद्याची खोड. मंगळवारी दुसरा माणूस दारात होता. काल आत चार सेंटिमीटर. आज नऊ.

बबडी अजून तिकडे परीक्षा देतेय. मग हा कोण?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सोळा. टेबलाला चार उरले. टेबल एका टोकाला, दार डावीकडे. ही माझीच खोली आहे हे मला इतक्या दिवसांत कसं दिसलं नाही? टेबलाशी बसलेला मीच.

दिवसभर पाठ भिंतीला लावून बसलो. खोलीत कोणी नाही. पण पाठ फिरवली की कुणीतरी आहे असं वाटतं. आणि लाज वाटते लिहायला, पहिल्या क्षणी बरंही वाटलं होतं, कोणीतरी आहे म्हणून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाई आल्या. भिंतीवरचे कागद त्यांनी एकेक करून पाहिले. आधीच्या गृहस्थांनीही त्यांना असेच कागद दाखवले होते. आधी एक माणूस, मग दारात दुसरा, मग रोज जवळ. पहिल्या दिवशी माझ्याकडे एकच माणूस पाहून त्यांना ते आठवलं नव्हतं. बाईंना वाटलं, एकट्या माणसाचा चाळा. दुसरा टेबलाशी पोचला तो शुक्रवार, आणि त्या शुक्रवारपासून गृहस्थ कुणाला दिसले नाहीत. बाई म्हणाल्या, आजच्या आज निघा. माझा हात धरून म्हणाल्या. दोन वर्षांत माझा हात कुणी धरला नव्हता.

ट्रंक भरायला घेतलीय. जाण्यापूर्वी एकदा शेवटचं छापून पाहतो.

तोच दिवस, दुपार

दुसरा टेबलाशी नाही. मागे गेलाय. दाराच्या अगदी जवळ, दाराकडे वळून उभा.

दारात तिसरं माणूस आहे. लहान.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बबडीला फोन केला. येऊ नकोस म्हणालो. का, म्हणाली. काय सांगणार? काम आहे म्हणालो. मग म्हणाली, बाबा, मी नकोच आहे ना तुम्हाला, आई गेली तेव्हापासूनच नको आहे. रडत होती. मी ऐकत राहिलो, खोटं ठरवणारा एक शब्दही तोंडातून फुटला नाही. तिने फोन ठेवला.

रडू दे. जिवंत राहू दे.

चौकोनात अजून तिघं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तो फॉन्ट काढून टाकला. आता दुसऱ्या फॉन्टच्या चौकोनातही तेच तिघं. तिसऱ्यातही. मशीनमधल्या प्रत्येक —

मालकांना वर बोलावलं. ते म्हणाले, छान काढलंय चित्र, पण पुस्तक कधी देताय?

जिन्यापर्यंत गेलो. परत आलो. मी गेलो आणि ती आली तर? रिकाम्या खोलीत ती आणि तो. बबडी फोन उचलत नाही. अठ्ठावीस वेळा केला.

१ मार्च, शनिवार

तिचा निरोप आला. ‘तुमचा आवाज बरा वाटत नव्हता. तुम्ही नको म्हणालात तरी मी येतेय. उद्या सकाळी पोचते. भांडू नका.’

त्यानंतर तिचा फोन बंद.

तो दारात. तिच्यापासून एक बोट.

२ मार्च, रविवार

सकाळी साडेआठ. खिडकीतून कोपरा दिसतो. मी हलणार नाही. ती दिसली की खाली धावायचं, रस्त्यावरच अडवायचं.

नऊ. दिसली! निळी बॅग. हात केला तिने. मी धावलो — दार उघडत नाही. कडी निघालीय, तरी उघडत नाही. पलीकडून कोणीतरी टेकून उभं असावं तसं. खिडकीतून ओरडलो. ती हसली आणि आत शिरली. जिन्यावर तिची पावलं —

एकच उपाय आहे. चौकोन उघडलाय. मधला माणूस निवडतोय. पुसतोय. पुसला —

दार उघडलं. आपोआप.

देवा. काय केलं मी हे.

पडद्यावर चौकोन रिकामा आहे. पार रिकामा. टेबल आहे, दार आहे. माणूस एकही नाही.

अक्षरं काढणारा कोणीही एक भाग पुन्हा पुन्हा काढत नाही. एकदाच काढतो आणि हवा तिथे लावतो. तिथे तिघं नव्हतीच, एकच दोन रेघांचा माणूस तीनदा लावलेला होता. मधला पुसताना मी ते मूळच पुसलं, आणि मूळ पुसलं की सगळीकडचं पुसलं जातं. आधी जोड तोडायची, मग पुसायचं. सव्वीस वर्षं नवशिक्यांना हेच बजावत आलो. घाईत —

जिन्यावर तिची बॅग उभी आहे. पट्टा हलतोय. ती नाही. हाका मारल्या. वर, खाली, कुठेच नाही. बॅगेवर तिच्या हाताची ऊब आहे अजून.

माझी डावी बाजू दिसत नाहीय. पेन उजव्या हातात आहे तोवर लिहितो. भीती नाही. मी गेलो तरी चालेल.

जो कोणी वाचेल त्याने एवढं करा. पुसण्यापूर्वीची प्रत मी ठेवलीय, सवयीने. त्यात तिघंही आहेत. तोही आहे, असू दे, मी त्याला बघून घेईन. ती प्रत परत बसवा. बबडी येईल. तिला सांगा, नको नव्हतीस, कधीच नको नव्हतीस. प्रत ठेवलीय ती —