अकरा मिनिटं कुणी हलायचं नाही

तीर्थरूप आत्या,

लांबूनच वाकून नमस्कार (लांबून अशासाठी, की जवळ येऊन वाकलो की माझा कान तुझ्या हाताच्या टप्प्यात येतो). तुझी प्रकृती कशी आहे? अगदी ठणठणीत नसशीलच. गुडघा कुरकुरत असेल, कंबर धरत असेल, आणि नसेल धरत तर धरू द्यावी कधीमधी. बारा महिने ठणठणीत राहणाऱ्या माणसाला दृष्ट लागते. आतोबांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, जपून ठेवा, कुठली वस्तू कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

तीन महिन्यांत पत्र नाही म्हणून तू मला मनातल्या मनात दोनचारदा घराबाहेर काढलं असशील. पण आत्या, मी तीनदा लिहायला घेतलं होतं. तिन्ही पत्रं मशीनमध्ये गेली, म्हणजे वारली. ते कसं, हे सांगायचं तर आधी मशीन सांगायला हवं.

तू शब्द टाकलास म्हणून तुझ्या शाळासोबतिणीने, म्हणजे इथल्या बसकंपनीच्या मोठ्या बाईंनी, मला मशीनरूममध्ये ठेवून घेतलं. अट एकच, सहा महिने टिकून दाखवायचं. (माझा आजवरचा विक्रम सात आठवडे, बर्फाच्या कारखान्यात. तिथला मुकादम स्वतः बर्फाला कधी हात लावायचा नाही, म्हणायचा सर्दी होते. फार मोठा माणूस. असो.) मशीन म्हणजे दोन कपाटांएवढा एक मेनफ्रेम कॉम्प्युटर. चारशे बसगाड्यांत कोण कुठे बसणार हे तो एकटा ठरवतो, आणि त्याला गरम होऊ नये म्हणून आम्ही भर दुपारी स्वेटर घालून बसतो. खालची जमीन पोकळ आहे, फरशा उचलल्या की आत वायरींचं रान. माझी डावी चप्पल पहिल्याच आठवड्यात तिथे पडली, ती अजून सापडलेली नाही. तर हे मशीन अधूनमधून कोसळतं. आवाज नाही, धूर नाही, नुसतं गप्प होतं, रुसलेल्या जावयासारखं.

अशा वेळी माझं काम एकच, डम्प घ्यायचा. डम्प म्हणजे, कोसळताना मशीनच्या डोक्यात जे काही होतं ते जसंच्या तसं उचलून डिस्कवर ठेवायचं, म्हणजे का कोसळलं ते मागाहून शोधता येतं. मशीन पुन्हा सुरू केलं की डोकं कोरं, पुरावा साफ. हे तुला कळायला जड जाऊ नये. आठवतं, काचेची बरणी फुटली तेव्हा सगळे झाडू घेऊन धावले आणि तू दारात उभी राहून ओरडलीस, “जो जिथे आहे तिथेच थांबा!” मग कुणाचा पाय ओला, कुणाच्या हाताला तेल, सगळं बघितलंस आणि बरोबर माझ्याच पाठीत धपाटा घातलास. तो डम्प होता, आत्या. तू जन्मजात ऑपरेटर आहेस.

मला मात्र दोनदा जमलं नाही. आमचे मॅनेजर (सगळे त्यांना तोफ म्हणतात, ते स्वतःही फोनवर “तोफ बोलतोय” म्हणतात) दोन्ही वेळा मागे उभे राहून “चालू कर, चालू कर” असे कडाडले, आणि मी घाबरून चालू केलं. पुरावा साफ. डम्प वाचून मशीनचा आजार सांगणारे म्हातारे वैद्यबुवा दोनदा रिकाम्या हाताने परत गेले. मोठ्या बाई मला बोलावून म्हणाल्या, “तिसऱ्यांदा डम्प चुकला तर पिशवी भरायची. तुझ्या आत्याला काय सांगायचं ते मी बघेन.” पिशवी मला काही नवी नाही, पण ते दुसरं वाक्य लागलं.

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराला तिसऱ्यांदा कोसळलं. तोफ एका कानाला एक आणि दुसऱ्या कानाला दुसरा फोन लावून आत घुसले, मागे तिकीटखात्याचे चौघे. एकाच खिडकीशेजारच्या जागेवर तीन प्रवासी बसलेत, त्यातला एक उतरायला तयार नाही, असं काहीतरी. “चालू कर!” आणि काय झालं कोण जाणे, मी कीबोर्डपुढे हात पसरून उभा राहिलो आणि माझ्या तोंडून तुझा आवाज निघाला, “जो जिथे आहे तिथेच थांबा!” थांबले, आत्या! तोफसुद्धा. पंचवीस वर्षांत त्यांना कुणी थांबवलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. मी आधी प्रोसेसरची स्थिती नोंदवली (ही पायरी सगळे विसरतात, मी नाही विसरलो), मग डम्पचा प्रोग्राम चढवला, मध्येच डिस्क भरली तेव्हा दुसरी दिली. अकरा मिनिटं. कुणी हललं नाही, एकाने शिंकसुद्धा दाबली. आयुष्यात पहिल्यांदा मी एक काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत केलं.

परवा वैद्यबुवांनी तो डम्प सगळ्यांसमोर भिंतीवर मोठा करून दाखवला. म्हणाले, इतका स्वच्छ डम्प वर्षानुवर्षं पाहिला नाही. मी कॉलर सरळ केली. मग ते म्हणाले, आता गुन्हेगार बघू. आमच्याकडे ‘चिठ्ठी’ नावाचा एक प्रोग्राम आहे, पुढच्या पाळीच्या ऑपरेटरला दोन ओळींचा निरोप ठेवायला. तो तोफांनी तरुणपणी लिहिलेला. निरोप दोन ओळींपेक्षा लांबला तर काय करायचं हे त्यांनी त्याला शिकवलंच नव्हतं, कारण ऑपरेटर कधी पाल्हाळ लावत नाहीत. कुणीतरी मात्र त्यात पूर्णविरामाशिवाय दीड पान लिहिलं होतं. मजकूर आपली जागा ओलांडून मशीनच्या मर्मस्थानी जाऊन बसला आणि मशीनने प्राण सोडला. आणि मर्मस्थानी, भिंतीवर, रोमन अक्षरांत (मशीनला आपली लिपी येत नाही), सोळा सोळा अक्षरांच्या ओळी पाडून, नवकवितेसारखं उभं होतं, “तीर्थरूप आत्या.”

होय. तिन्ही वेळा मी तुलाच पत्र लिहीत होतो. बरणी पुन्हा मीच फोडली होती.

पण नोकरी राहिली. तोफ स्वतःच्या प्रोग्रामकडे बघून एवढे ओशाळले की परवापासून हळू बोलतात, लोक त्यांची तब्येत विचारतात. मोठ्या बाईंनी तर डोळ्याला रुमाल लावला. का, ते पुढे. मला आता इथून जायचं नाही, आत्या. वैद्यबुवा मला डम्प वाचायला शिकवणार आहेत. म्हणून हे पत्र हाताने, कागदावर. याने फार तर टपालखातं कोसळेल.

तुझा (अजून त्याच पत्त्यावर असलेला)
भाचा

ता. क. रुमालाचं असं, की भिंतीवरचे शेवटचे शब्द होते, “आता तू अंथरुणाला खिळली आहेस”. पुढचे शब्द तिथे पोचायच्या आत मशीन गेलं. पुढे होतं, “असं मी बाईंना सांगणार आहे, म्हणजे शुक्रवारी मित्राच्या ट्रकवरून सटकता येईल.” आजारी आत्यासाठी झुरणारा पोरगा म्हणून सगळ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी नको म्हणालो नाही.

ता. क. २. मोठ्या बाई येत्या रविवारी चार वाजता तुला बघायला येतायत. तोफही येतील, मोसंबी घेऊन. आतोबांना खोकायला सांग.

ता. क. ३. वाक्याचा उरलेला तुकडा डम्पमध्ये पुढे कुठेतरी आहेच. वैद्यबुवा परवा मला बाजूला घेऊन म्हणाले की ते रोज थोडीच पानं वाचतात, आणि ‘ते’ पान, माणूस कामात टिकला, तर सहा महिने तरी यायचं नाही. तेव्हा माझी बाजू मी सांभाळतो. तू एवढंच कर, रविवारी चार वाजता अंथरुणात जिथे असशील तिथेच थांब.