आबांचा अभिप्राय

बीड, २० मे २०२५

चि. अंजूस ताईचे अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद द्यायची संधी मी कशी सोडीन?)

फोन केला असता, पण आबांचा फोन म्हणजे देवळातला भोंगा. स्पीकर लावल्याबिगर त्यांना ऐकू येत नाही, आणि मग माणसं तर सोड, मेंढरंसुद्धा कान टवकारतात. म्हणून हा कागद.

यंदा सुट्टीला मी उमापूरला येणार नाही. दहावीचं वर्ष आहे, शाळेचे जादा तास आहेत, असं आई-आबांना सांग. मामी मला रोज ताकासाठी आग्रह करते, तेव्हा माझी काळजी नको.

आता माझं दुखणं ऐक. मराठीच्या मॅडमनी सुट्टीत वाचायला प्रत्येकीला एकेक पुस्तक दिलंय. सुट्टीत, अंजू! वर्गात सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. माझ्या बाकावरच्या करिष्माला चारशे पानांचं आलं, ती म्हणाली की याची उशी करते. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मला काय यावं? मेंढपाळाच्या मुलीची गोष्ट! वर चित्र बघशील तर घोंगडी, काठी आणि कळपभर मेंढरं. मागून कुणीतरी ब्यां केलं. सगळे हसले, मीही हसले. त्यांना आपलं काही माहीत नाही म्हणा. इथं मी सोमेश्वर मामांची भाची, कचेरीजवळच्या झेरॉक्सवाल्यांची, एवढंच. तरी माझे कान तापले.

शिवाय पुस्तक घरातल्या वडीलधाऱ्याला वाचून दाखवायचं आणि त्यांचा अभिप्राय सहीसकट वहीत आणायचा. ते मी बघते. सारांश करिष्माच्या ताईनं मोबाइलवरून काढून दिला, काम झालं. पुस्तक मला डोळ्यांपुढंसुद्धा नको. मामा शुक्रवारी तिकडं येतायत, त्यांच्याबरोबर धाडते. तुला छापील कागद दिसला की तहानभूक राहत नाही, तूच वाच. दहा जूनच्या आत परत पाठव.

भांडण उकरून काढू नकोस आणि माया पातळ करू नकोस.

तुझी ताई,
ऋतुजा


उमापूर, २९ मे २०२५

ती. ताईस धाकट्या अंजूचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. मेंढरं सध्या भगवानरावांच्या रानात बसवलीत. लेंड्यांचं खत त्यांच्या जमिनीला, ज्वारी आपल्याला. भुऱ्या मेंढीला जुळं झालं, त्यातलं एक तुझ्यासारखं सारखं तोंड वाकडं करतं.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. ब्यांवालं गाळलं. मला तेवढी अक्कल आहे. पुस्तकाचं ऐकून आबा म्हणाले की शाळेनं मेंढपाळाची गोष्ट छापली, म्हणजे वाचलीच पाहिजे. मग रोज दुपारी बाभळीखाली वाचन. पहिल्या दिवशी ते घोरत होते. दुसऱ्या दिवशी कोकराची गोष्ट आली आणि ताडकन उठून बसले. म्हणाले, हे चुकलंय, लिहिणाऱ्याला इकडं बोलव. त्या मुलीची लाडकी मेंढी बाजारात विकली तिथं आई भाकरी थापता थापता रडली आणि वर धूर गेला डोळ्यात म्हणाली. चूल तर विझलेली होती!

ताई, हे पुस्तक तुला आवडलं नाही कावून? त्यातली पोर अगदी तुझ्यासारखी चिडते.

आता महत्त्वाचं. आबा सारखं विचारतात की अभिप्राय घ्यायला ऋतुजा कधी येणार. अंगठा देणार नाही म्हणतात, आपली खूण काढणार. मेंढरांच्या पाठीवर गेरूनं काढतात ती चंद्रकोर आणि खाली टिंब. काठीनं मातीत काढून बघतात, पुसतात, पुन्हा काढतात. एकदा बँकेत त्यांनी सहीच्या जागी हीच खूण काढली होती आणि साहेब हसला होता, तुला आठवतं? तू होतीस ना बरोबर.

की तू मामांना वाचून दाखवलंस? आबांना तसं सांगू नकोस बाई, हिरमुसतील.

पत्राचं उत्तर लवकर दे, नाहीतर पुस्तक परत देणार नाही.

तुझीच,
अंजू


बीड, ६ जून २०२५

चि. अंजूस आशीर्वाद.

आज थट्टा नाही. हे पत्र एकटीनं वाच आणि चुलीत टाक.

अंजू, मी माती खाल्ली. वहीतला आबांचा अभिप्राय मीच लिहिला. सदर पुस्तक अत्यंत बोधप्रद व संस्कारक्षम असून ग्रामीण जीवनाचे यथार्थ दर्शन घडवते, असा. मामांच्या दुकानात झेरॉक्सला आलेल्या एका भाषणातून उचलला. खाली इंग्रजीत सही ठोकली, सहीखाली दोन रेघा, साहेबलोक मारतात तशा. मग पालकांच्या व्यवसायाचा रकाना आला. मेंढपाळ लिहायला घेतलं. पहिलं अक्षर झालं आणि हात थांबला. ते खोडून पशुसंवर्धन खाते असं लिहिलं. जनावरं ती जनावरंच, अशी मनाची समजूत घातली.

परवा जादा तासाला मॅडमनी तो अभिप्राय सगळ्या वर्गापुढं वाचला. म्हणाल्या, नोकरी सांभाळून लेकीबरोबर वाचणारे असे वडील हवेत. अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, शाळेत वाचक पालकांचा कार्यक्रम आहे. त्यात आबांनी पुस्तकावर बोलायचं. निमंत्रण पोस्टानं उमापूरला गेलंसुद्धा. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली तर मॅडमना वाटलं, किती गुणी पोर.

त्याच दिवशी घरी आले तर तुझं पत्र आलेलं. आबा मातीत खूण काढून बघतायत हे वाचलं आणि मोरीचं दार लावून रडले. तू बँकेची आठवण काढलीस ना? साहेब हसला तेव्हा त्याच्याकडं बघून मीसुद्धा हसले होते. साहेबाला वाटावं की मी या माणसाबरोबर नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

हनुमान पोस्टमन आले की शाळेचं पाकीट तू घे आणि फाडून टाक. आबा आजारी आहेत असं मी इकडं कळवते. खोट्यावर आणखी खोटं, कळतंय मला. पण आबा फेटा बांधून फाटकात उभे राहिले आणि कुणी ब्यां केलं तर? मला आबांची लाज वाटते असं नाही गं. वाटते. वाटते म्हणून तर हे लिहितेय. आणि ती वाटते याची त्याहून जास्त वाटते.

मला शिव्या दे, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
ऋतुजा


उमापूर, ११ जून २०२५

चि. ऋतुजाबाईस आबांचे आशीर्वाद.

(हात अंजूचा, बोलणं आबांचं. एक शब्द इकडचा तिकडं केला की काठी आपटतात.)

हनुमाननं दोन्ही पाकिटं एकदमच माझ्या हातात दिली, शाळेचं आन् तुझं. मी म्हनलं, आदी लेकीचं वाच. अंजी वाचंना. खुशाल हाय, येवडंच म्हनली. आगं, दोनी अंगानं भरलेला कागद आन् निस्तं खुशाल हाय? मला अक्षर येत न्हाई, पर कागद भरल्याला हाय का रिकामा, ते कळतं. मग समदं वाचाया लावलं. तिला बोल लावू नको. (ताई, माफ कर. मी चुलीकडं पळत होते, पण आबांनी मनगट धरलं.)

त्या दिवशी मेंढरं पान्यावर घेऊन गेलतो, तितंच बसून ऱ्हायलो. तुझ्या आईनं इचारलं तर ऊन लागलं म्हनलं. लई वाईट वाटलं, पोरी. खोटं कावून बोलू?

बँकंत तू हसलीस, ते मी तवाच पायलं होतं.

आता पुस्तकाचं. शाळंनं इचारलंय तर सांगतो. पुस्तक चांगलं हाय, पर लिवनारानं मेंढी बांधावरून पायली. त्यातली पोर आईयेगळं कोकरू दुसऱ्या मेंढीखाली सोडती आन् मेंढी लगीच पाजती. आसं होत न्हाई. मेंढी परक्या कोकराला लाथ मारती. ज्या मेंढीचं कोकरू मेलंय तिच्याकडं जावं लागतं. मेलेल्याची कातडी काढून ह्या जित्याच्या अंगावर बांधायची. मग ती हुंगती, आपलंच म्हनती आन् पाजती. तू बारकी आसताना दोऱ्या धरायचीस की.

त्या कोकराला आमी लबाड म्हनत न्हाई. त्याला भूक आसती. तूबी शाळंत आशीच दुसऱ्याची कातडी बांधून गेलीस, त्यांनी आपली म्हनावी म्हनून. कळलं मला. पर ती कातडी चौथ्या दिवशी सोडायची आसती, बाई. तवर मेंढीला कोकराचा सोताचा वास पटतो. न्हाई सोडली तर ती नासती आन् आतल्या जित्या कोकरालाबी किडं पडत्यात.

मी येनार न्हाई. शाळंनं त्या खात्यातल्या साहेबाला बोलावलंय, मला न्हाई. माझा अभिप्राय येगळ्या कागदावर लिवून घेतलाय, खाली खूण मी काढलीय. पुस्तकासंगं धाडतो. वहीत लावायचा का चुलीत घालायचा, ते तुझं तू बघ. मी इचारनार न्हाई. फकस्त आजारी हाय म्हनून कळवू नको, धडधाकट मानसाला आजारी म्हनू नये.

(खूण काढायला तीन कागद वाया घालवले. तिसऱ्यावर टिंब पसरलं म्हणून चौथा घेतला.)

येळंवर जेवत जा. आमची माया हाय तितंच हाय.

तुझे आबा


बीड, १८ जून २०२५

ती. आबांस ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

अंजू, हे पत्र मोठ्यानं वाच. मेंढरांनाही ऐकू दे.

आबा, तुमचं पत्र आणि पुस्तक शनिवारी मिळालं. रविवारी पुस्तक वाचलं, पहिल्यांदाच. कोकराच्या पानावर तुमचा गेरूचा अंगठा उमटलाय, तिथं खूप वेळ थांबले. सोमवारी शाळा उघडली. कागद कंपासपेटीत होता, पण हिंमत झाली नाही. काल चौथा दिवस होता. मी मोजत होते.

मॅडमना एकटीला गाठून वही द्यायची असं ठरवलं होतं. पण त्यांनी तास सुरू असतानाच ती उघडली, नवीन चिकटवलेला कागद बघितला आणि काय आहे ते मोठ्यानं वाच म्हणाल्या. मी उठले. आधी सांगितलं की पहिला अभिप्राय खोटा आहे, सही खोटी आहे, माझे वडील कुठल्याही खात्यात नाहीत, ते मेंढरं राखतात. मग तुमचं वाचायला लागले. कातडीपाशी आवाज गेला. ब्यां आलंच, मागच्या बाकावरून. मी सगळ्यांदेखत रडले, नाक गळेपर्यंत. पुढचं करिष्मानं वाचलं. तिला तुमचं बोलणं नीट वाचता येईना, तरी कुणी हसलं नाही.

मॅडमनी खोट्याचे दहा गुण कापले. मग म्हणाल्या की निमंत्रणाच्या पाकिटावर नाव तुमचंच होतं, आसाराम, ते बदलायची गरज नाही.

पण तुम्ही म्हणालात, शाळेनं साहेबाला बोलावलंय, मला नाही. तर आबा, मी बोलावतेय. शनिवारी अठ्ठावीसला सकाळच्या गाडीनं या. मी स्टँडवर उभी असेन. फेटा बांधून या, घोंगडी खांद्यावर असू द्या, काठी आणा. फाटकातून वर्गापर्यंत तुमचा हात धरून मी नेणार आहे.

लाज गेलेली नाही. मेंढरांची गेली, पण बँकेतली जात नाही. तुम्ही तेव्हाच पाहिलं होतं आणि वाटेत मला पेरू घेऊन दिला होता. तो पेरू मी खाल्ला, आबा.

आईला शि. सा. न. माझ्यावर राग ठेवा, पण या.

खाली नाव घातलं नाही, आपली खूण काढलीय. टिंब जमलं. चंद्रकोर वाकडी आली, आल्यावर तेवढी शिकवा.