उजवीकडची ओढ

४ मार्च
पोचलो एकदाच्या. खोली झकास आहे. मोठी खिडकी, दोन खाटा आणि नळाला चक्क गरम पाणी. धाकटी म्हणाली, ताई, तू ऑपरेशनला आलीयस की माहेरपणाला? कितीतरी दिवसांनी दोघी बहिणी खळखळून हसलो.
उजव्या मनगटातली गाठ लिंबाएवढी झालीय. एकोणीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात या हाताने कापड बेतलं, चाळीस-चाळीस थर एका दमात कापले. आता बटण लावताना घाम फुटतो. कोपराखाली कापावाच लागेल, नाहीतर गाठ वर सरकेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. रडून झालं. आता नुसती दमलेय. दोन महिने इथेच: आधी डाव्या हाताची शिकवणी, मग ऑपरेशन, मग नवा हात. ही वही इथल्या शिकवणाऱ्या मॅडमनी दिली. रोज लिहा म्हणाल्या. उजवा आहे तोवर उजव्यानेच लिहून घेते.

७ मार्च
शेजारच्या खाटेवर निवृत्त मास्तरीणबाई आहेत. त्यांचा डावा हात महिन्यापूर्वी गेला. एका हाताने केसांना पिना लावतात, बिस्किटाचा पुडा दातात धरून फोडतात आणि मला वर्गातल्या ढ मुलीसारखं दटावतात. माझं डावं अक्षर बघून म्हणाल्या, मुंगी शाईत पडून फरफटत गेली की काय?
हात बनवणारा कारागीर येऊन गेला. माप डाव्या पंजाचं घेतलं, म्हणजे नवा उजवा त्याच्या जोडीचा होईल. खांद्यावरून पट्टा, पट्ट्याला तार. खांदा पुढे केला की पंजा उघडणार. धाकटी सगळं टिपून घेत होती. हिला मी लहानाची मोठी केली, आता ती माझ्या ब्लाउजची हुकं लावते. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय.

१० मार्च
उद्या ऑपरेशन. धाकटी औषधं आणायला गेली तेव्हा मास्तरीणबाईंनी दार लोटलं. म्हणाल्या, हात गेल्यावरही तो आहे असंच वाटेल, हे डॉक्टरही सांगतील. ते सांगणार नाहीत ते ऐक. कधीतरी त्या नसलेल्या हातात कुणीतरी हात देईल. देऊ दे. फक्त तू उलट दाबू नकोस.
मी हसले. त्या हसल्या नाहीत.

१६ मार्च
डाव्याने लिहितेय. वेळ लागतो.
शुद्धीवर आले आणि उजवी बोटं हलवली. हलली. बघितलं तर चादर सपाट. डॉक्टर म्हणाले, मेंदूला अजून पत्ता नाही, सगळ्यांना होतं असं.

२२ मार्च
जेवून पडले होते. कुणीतरी हात धरला. नसलेला. जाडसर, कोमट तळवा. आजारी माणसाजवळ बसून धरावा तसा, निवांत. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, मास्तरीणबाई घोरत होत्या.
घाबरायला हवं होतं. पण किती वर्षांत माझा हात कुणी असा नुसता धरला नव्हता. लागला तो कामालाच.
मी दाबला.

२३ मार्च
मास्तरीणबाईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. दाबलास ना, म्हणाल्या. हो म्हटलं. संध्याकाळच्या आत त्यांनी खोली बदलून घेतली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

५ एप्रिल
सोडत नाही. जेवताना नाही, आंघोळीत नाही. आता नुसता धरलेला नाही, ओढतोय. लांबून. दोरीचं दुसरं टोक कुणाच्या तरी हाती असल्यासारखा. डॉक्टरांनी गोळी वाढवली. कापलेल्या हाताचं काय करता, विचारलं. त्याच दिवशी जाळतात म्हणे.
मग याने धरलाय काय?

६ मे
नवा हात आला. रंग माझ्याच कातडीचा. कारागिराने पट्टा आवळला, खांदा पुढे करायला सांगितलं. पंजा उघडला. धाकटीने टाळ्या वाजवल्या.
आणि ओढ थांबली. एकदम सैल. मी रडले. कारागिराला वाटलं, आनंदाने. होतंच तसं.

९ मे
घरी आलो. नव्या हाताने कप धरला, सांडला नाही.
पण सैल म्हणजे सुटलेला नाही. बोटं अजून बोटांत आहेत. मास्तरीणबाईंना फोन केला, सैल झालंय सांगितलं. मग म्हणाल्या, दोरी सैल कधी पडते? टोकाचा माणूस जवळ यायला लागला की. आणि त्यांनी फोन ठेवला.

११ मे
आता दिशा कळते. मोठ्या रस्त्याकडून येतोय. नवा हात काढून ठेवला — फरक नाही. परत घातला.
धाकटीला सांगितलं. ताई, झोप गं, म्हणाली, मीही दमलेय. खरंच दमलीय. आणखी काय सांगू तिला.

१२ मे
सकाळी — कोपऱ्यावरच्या दुकानापाशी.
अकराला — फाटक.

दुपार
जिना. एकेक पायरी हातात कळते. थांबत, दम खात चढतोय. माझ्याइतकाच थकलेला —

रबरी पंजावर चार बोटांचे खड्डे. बघता बघता आत गेले —

सोड म्हटलं. मोठ्याने. धाकटीने स्वयंपाकघरातून विचारलं, कुणाशी बोलतेस?

बेल.

उघडू नकोस म्हटलं. हात पुसत निघालीय. आता कोण तडमडलं, म्हणते —

उठता येत नाही. पट्टा खांद्यात रुततोय. अख्खा हात दाराकडे —

कडी काढली.

विचारतेय, ताई, हे कोण गं? बोलत नाहीत. नुसता हात पुढे केलाय —

नको. तिचा स्वभावच असा, कुणी हात पुढे केला की ती