हरल्या दिवसाचं वरण

कंपू, ग्वाल्हेर
होळीच्या आधीचा शुक्रवार

प्रिय सौरव,

अनेक आशीर्वाद. आधी ओळख करून देते, म्हणजे पत्र कुणाचं म्हणून पाकीट उलटंपालटं करत बसायला नको. मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. संक्रांतीला जिने पुण्याला तिळाची गजक पाठवली आणि जी अजून पोच येईल म्हणून फोनकडे बघते आहे, ती. गजक पोचलीच नसेल तर कुरिअरवाल्याला माझा शाप लागेल, आणि खाऊन सांगायचं विसरला असशील तर तुला. कुणाला लावायचा तेवढं कळव, म्हणजे मी मोकळी. भिजवलेले बदाम खात जा असं लिहिणार होते, पण ते भिजत घालायचंही लक्षात राहायला हवं ना.

अक्षर उषाताईंचं आहे. तुझी बाराखडी त्यांनीच घटवली, तेव्हा ओळखशील. मला अक्षर आलं नाही ते नाहीच. माहेरी भाऊ शाळेत जायचे आणि मी म्हशींमागे, आणि लग्नानंतर तुझ्या आबासाहेबांनी शिकवायला घेतलं तर पहिल्या ओळीतच आमचं भांडण झालं आणि पाटी माळ्यावर गेली. म्हणून मी बोलते आणि उषाताई लिहितात. माझ्या तोंडून एखादा शब्द हिंदी आला की त्यांचं पेन थांबतं. मी म्हटलं, बाई, सगळा जन्म या मोहल्ल्यात गेला, जसं निघतं तसं लिहा, पोराला पत्र जायचंय, परीक्षेला नाही.

फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. आबासाहेबांना ऐकू कमी येतं, म्हणून आपल्या घरचा फोन मोठ्या आवाजावर असतो आणि तो सगळ्यांनी मिळून ऐकायचा असतो. आणि मला बोलायचंय ते त्यांच्याचबद्दल. ते दुपारी अंगणात उन्हाला बसले की मी उषाताईंकडे जाते. बडीशेप निवडायला जाते असं सांगितलंय. इतकी बडीशेप कुणाला लागते, असं त्यांनी विचारलं नाही. पूर्वी विचारलं असतं.

बातमी अशी की कंपू बहादूर पुन्हा हरले. ही बातमी नव्हे, मला मालूम आहे. आपला फुटबॉलचा संघ हरतो, चंबळ उन्हाळ्यात आटते, तसंच ते. पण तू आता रात्र रात्र जागून साहेबांच्या देशातले सामने बघतोस, तेव्हा आपल्या घरची रीत तुझ्या ध्यानात आहे की गेली, कुणास ठाऊक. गेली असेल असं धरून सांगते.

माझ्या लग्नाच्या वर्षी मुरारच्या संघाशी अखेरचा सामना होता आणि आपले हरले. मी नवी नवरी, चुलीपुढे बसून वरणाला फोडणी द्यायला तेल तापवत होते. हे आले, बूट न काढता दारातच उभे राहिले आणि म्हणाले, आज घरात चुर्र आवाज नको. मला राग आला. मी कढई उतरवली आणि वरण तसंच, पांढरंफटक, पानात वाढलं. वाटलं, आता ताट सरकवतील. त्यांनी मान खाली घालून सगळं खाल्लं. तेव्हापासून तो नियमच झाला. कंपू बहादूर हरले की वरण बिनफोडणीचं. जिंकले की लसूण, मोहरी, लाल मिरची आणि खड्याचा हिंग. तो खडा वेगळ्या डबीत असायचा, रोजच्या वरणाला पूड चालायची. पुढे ही रीत सगळ्या गल्लीने उचलली. मैदानावर ढोल वाजवणाऱ्या दौलतसिंहच्या घरी अरहरची डाळ, तीसुद्धा हरल्या दिवशी बिनतडक्याची. उषाताईंच्या यजमानांना चेंडू कुठल्या बाजूला मारायचा ते कधी उमगलं नाही, फुटबॉलला हाताने शिवायचं नाही एवढा एकच नियम त्यांना मनापासून पटला होता, पण डाळीचा नियम त्यांनीही पाळला. उषाताई हे लिहिताना हसताहेत. ज्यांना मैदानावर जायला जमायचं नाही ते संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सायकल थांबवून नाक वर करायचे. हिंग आला तर घंटी वाजवत आत शिरायचे. नाही आला तर सायकल हातात धरून चालत.

तू तर पळत यायचास. तुझ्या चपलांच्या आवाजावरूनच मी तेल ठेवायचं की नाही ते ठरवायचे. एकदा बरोबरी झाली आणि तू दारात उभा राहून रडवेला झालास, की आता वरणाचं काय. आबासाहेबांनी निवाडा दिला, फोडणी द्यायची, पण हिंगाशिवाय. आठवतं का रे? नसेल आठवत. तुला आठवत नाही त्याची मी वेगळी पोळी लाटत बसले तर कणीक पुरायची नाही.

माणसं कशी गळाली ते मात्र मला नीट सांगता येत नाही. हरण्याने गळाली असं म्हणशील तर तसं नाही. हरायचे तेव्हाच गर्दी जास्त असायची, कारण शिव्या द्यायला माणूस लागतं. रेफरीच्या सात पिढ्या आबासाहेबांना पाठ होत्या. गोलकीपर आमच्याच गल्लीतला, तर त्याच्या आईला दुसऱ्या दिवशी नळावर मान वर करता यायची नाही, आणि त्याच गोलकीपरचा पाय मोडला तेव्हा त्याच बायका त्याच्या घरी शिरा घेऊन गेल्या. मग हळूहळू शिव्या कमी झाल्या. कुणी म्हणालं ऊन फार आहे. कुणी म्हणालं नातवाची ट्यूशन आहे. मैदानाच्या अर्ध्या भागात क्रिकेटच्या जाळ्या लागल्या, तेव्हा आता मोठं भांडण होणार म्हणून मी दारात उभी राहिले, आणि कुणी भांडलंच नाही. दौलतसिंहने आपला ढोल भाच्याच्या लग्नात दिला आणि परत मागितला नाही. तो अजून मैदानावर जातो, पण नीमाखाली बसून मोबाईल बघतो. गेल्या वर्षी आपले खेळत होते आणि हा फोनवर दुसऱ्याच कुणाचा सामना बघत होता. हे मला आबासाहेबांनी सांगितलं. हसून सांगितलं. मला ते हसणं आवडलं नाही.

दिवाळीत तू आला होतास. तुझ्या फोनवर तू त्यांना तो परदेशातला खेळ दाखवलास आणि म्हणालास की आबासाहेब, याला फुटबॉल म्हणतात, आपला तो क्लब आता बंद करून टाकायला हवा. तुझा दोष काढत नाही मी. खेळ चांगलाच असणार, गवत किती हिरवं होतं. पण मी आतून परात टाकून बाहेर आले, की आता हे काठी उचलतील आणि मला मधे पडावं लागेल. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं. एवढंच. तू खूश झालास. मी आत जाऊन पुऱ्या तळल्या आणि दोन जाळल्या.

पौषात मुरारशी सामना होता. हे एकटेच गेले, मफलर बांधून. लवकर परत आले. किती झाले म्हणून विचारलं, तर म्हणाले, ठाऊक नाही, मी मधेच उठलो. सौरव, या माणसाने तुझ्या बापाच्या बारशाला मामाच्या हाती पाळण्याची दोरी देऊन सामना शेवटपर्यंत पाहिलेला आहे. मग गल्लीतून कुणीतरी जाताना सांगितलं की चारने हरले. मी विचार केला, यांना डिवचल्याशिवाय हे जागे व्हायचे नाहीत. डबीत हिंगाचा शेवटचा खडा होता. मी तेल तापवलं, लसूण टाकला, खडा फोडून टाकला आणि फोडणी अशी दिली की भिंतीपलीकडे उषाताई शिंकल्या. हरल्या दिवशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ताट पुढे ठेवलं आणि पदर खोचून उभी राहिले, की येऊ दे आता काय येतं ते.

ते जेवले. हात धुतला. म्हणाले, थंडी आहे, गोधडी दे.

गल्लीतूनही कुणी आलं नाही, की शालिनीबाई, डोकं फिरलं का तुमचं, आज कसला हिंग? एक सायकलसुद्धा थांबली नाही.

उषाताई म्हणाल्या, वय झालं, नाकाचा वास, जिभेची चव गेली असेल. मलाही तसंच वाटावं अशी फार इच्छा होती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मेथीच्या भाजीत मीठ घातलं नाही. पहिल्या घासाला म्हणाले, मीठ विसरलीस. म्हणजे जीभ शाबूत आहे. गेलं ते दुसरंच.

आता जे सांगायला बसले ते सांगते. उषाताई, हे नीट लिहा. संक्रांतीनंतर त्यांना धाप लागायला लागली म्हणून तुझ्या बापाने डॉक्टरला दाखवलं. हृदयाची झडप खराब आहे. ऑपरेशन केलं तर बरीच वर्षं काढतील, नाही केलं तर पुढची थंडी बघायची की नाही ते देवाच्या हाती, असं डॉक्टर म्हणाला. यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, कशाला. तुझा बाप रडला, मी बोलले, डॉक्टरने चित्र काढून दाखवलं. सगळ्यांना एकच उत्तर, कशाला. रागाने नाही रे. मधेच उठून आल्यासारखं. मला ती मफलर बांधलेली मान आठवली. तुला हे कळवायचं नाही अशी त्यांनी ताकीद दिलीय, नोकरीत पोराला घोर नको म्हणून. मी कळवलेलं नाही. उषाताईंनी लिहिलंय.

रंगपंचमीनंतरच्या रविवारी वर्षाचा अखेरचा सामना आहे, पुन्हा मुरारशीच. त्याच्या पुढच्या दिवशी डॉक्टरला हो की नाही सांगायचंय. तू ये. समजूत घालायला येऊ नकोस, समजूत घालणारे घरात पुष्कळ झालेत आणि त्या सगळ्यांना आबासाहेब कशाला एवढंच म्हणतात. तू त्यांना मैदानावर ने. रिक्षाने ने, चालवू नकोस. शेवटची शिटी होईपर्यंत उठू देऊ नकोस. रेफरीला शिव्या तू दे, तुला येत नसतील तर चुकीच्या दे, म्हणजे त्यांना सुधारायला तरी तोंड उघडावं लागेल. आणि दिवाळीत म्हणाला होतास ते खोटं होतं असं मात्र सांगू नकोस, त्यांना कळतं. पुन्हा तेच म्हण, तोंडावर म्हण, आणि या खेपेला ते काठी उचलेपर्यंत थांबू नकोस. आपले हरतीलच. मग घरी या, मी तिघांना बिनफोडणीचं वरण वाढीन. ते मान खाली घालून जेवले किंवा त्यांना घास गिळवला नाही, तर मी समजेन की अजून माणूस घरात आहे, आणि मग ऑपरेशनचं मी बघते. मला ते दुःखी चालतील, सौरव. असे शांत चालत नाहीत.

खाली अंगठा माझा आहे. शाईचा नाही, हळदीचा आहे, स्वयंपाकातूनच उठून आले.

तुझीच, अजून तुला न विसरलेली,
आजी

ता. क. येताना पुण्याची बाकरवडी, आंबाबर्फी काही नको. हिंग आण. खड्याचा, पूड नव्हे. इथला दुकानदार गेला आणि त्याचा पोरगा आता मोबाईलची कव्हरं विकतो. चुकून जिंकलेच, तर घरात नाही असं व्हायला नको.