सीमाप्रश्नाच्या तारखेवर काढलेलं तिकीट

१६ जानेवारी २०१९, बुधवार

काल लंडनच्या पार्लमेंटात युरोपातून बाहेर पडायचा करार आपटला, तोही सणकून. सकाळी ऑफिसात गॅरेथ चेहरा पाडून बसलेला. "काय गोंधळ घालून ठेवलाय त्यांनी," म्हणाला. त्यांनी. हा माझा बॉस इथे सिंगापुरात, बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहतो. सार्वमतात इथूनच टपालाने 'बाहेर पडा' असं मत दिलं होतं आणि तेव्हा पँट्रीत सगळ्यांना छाती फुगवून सांगितलंही होतं. आता म्हणे 'त्यांनी'.

ब्रेक्झिट हा शब्द पुरा लिहायचाही वीट आलाय. यापुढे नुसतं ब्रे.

माझा रकाना अजून रिकामाच. 'मूळ देश'. आयर्लंडहून इथे येणाऱ्या दूध पावडरीचे कस्टम्सचे नियम सॉफ्टवेअरमध्ये भरायचे, हे माझं काम. निम्म्या गाई उत्तरेत, म्हणजे ब्रिटनकडच्या तुकड्यात. पावडरीचा कारखाना दक्षिणेत, आयरिश रिपब्लिकमध्ये. टँकर दोन्हीकडच्या गोठ्यांवरून दूध गोळा करत जातो, मध्ये सीमा लागली हे ड्रायव्हरलाही जाणवत नाही. २९ मार्चला ब्रिटन बाहेर पडलं की त्या टँकरातलं दूध कुठल्या देशाचं, ते मी लिहायचं. जे अख्ख्या पार्लमेंटला सुचत नाही ते तोआ पायोहच्या मंजिरीने.

२० जाने., रविवार

बाबांना फोन. बेळगावात थंडी, स्वेटरवर कोट घालून बसलेत म्हणे. सहस्रचंद्रदर्शनाचं ठरलं: ७ एप्रिल, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. दादा-वहिनी घरच्या घरी करू म्हणत होते, पण बाबांनी गल्लीतलं कार्यालयच घ्यायला लावलं. निपाणीची आत्या येणार, सीमा चळवळीतले जुने सोबती जेवढे उरलेत तेवढे येणार. अट एकच. एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण मी करायचं. "तुझी आई असती तर तिनं केलं असतं. आता ते तुझं काम."

तारीख मीच काढून दिली. २९ मार्चला ब्रे. होणार, तोवर आमच्या टीमची रजा बंद. ३० ला मी विमानात. गॅरेथने लेखी मंजुरी दिली. बंगळूरमार्गे सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ. तिकीट काढलंसुद्धा.

बाबा म्हणाले, "तिथं सीमेचं भांडण आहे ना? मग ते एकोणतीसला मिटतंय म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"कायद्यात तारीख लिहिलीय बाबा."

नुसते हसले.

१२ फेब्रु., मंगळ.

दुपारी ब्रेंडनबरोबर हॉकर सेंटरला जेवायला. शेजारच्या टेबलावर बसतो ऑफिसात, सहा महिन्यांत आज पहिल्यांदा घरचं बोलला. घर उत्तर आयर्लंडात, गोठा दक्षिणेत. बाप दिवसातून चारदा देश ओलांडतो, तोही गमबूट घालून. लहानपणी रस्त्यावर सैनिकांची चौकी होती, आईची बाजाराची पिशवी रोज उपसायचे. आता तिथे काही नाही, गवत आहे. "चौकी परत आली तर बाप गाई विकेल," म्हणाला. माझा रकाना म्हणजे त्याच्या बापाच्या गाई, हे आज कळलं.

मग मी आमचा सीमाप्रश्न सांगितला. राज्यं भाषेवर आखली, आम्ही मराठी बोलणारे मात्र कर्नाटकात राहिलो. बाबा तरुणपणी त्यापायी तुरुंगात जाऊन आले, मग जन्मभर शाळेत मास्तरकी केली. खटला दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात. तारीख पडते, पुढची पडते.

"किती वर्षं चाललंय?"

"साठच्या वर."

त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "आमचे दोन वर्षांत सोडवतो म्हणाले होते." नूडल्स गार होईस्तोवर दोघंही हसत होतो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

२४ फेब्रु., रवि.

महिनाभर भांडण 'बॅकस्टॉप'वर अडलंय. म्हणजे काय, तर काही ठरलं नाही तर ठरेपर्यंत आयरिश सीमेवर आहे तसंच चालू द्यायचं. एवढं एकच वाक्य. काही ठरलं नाही तर काय करायचं, हेच ठरत नाहीये. शिकलेसवरलेले लोक, करकरीत सूट, आणि सगळ्यांनी मिळून हा पोरखेळ.

जेवताना मी बडबडत होते तर सानिका मान वर न करता म्हणाली, "आय्या मम्मा, समुद्रात काढा ना लाइन. सो सिंपल लाह." नववीतली पोर. सतीशला लेकीचं कौतुक, म्हणाला, हिलाच पाठव लंडनला.

मग फोनवर बाबांना हेच सांगत होते. त्यांनी विचारलं, "तिथं रेषा हवीय कुणाला?"

"कुणालाच नकोय."

"मग भांडण कशाचं?"

"रेषा नको, पण वेगळंही व्हायचंय."

"आमचं त्याच्यापरीस सोपं," म्हणाले. "रेषा सगळ्यांनाच हवी. कुठं, तेवढंच ठरेना."

१३ मार्च, बुध.

करार दुसऱ्यांदा आपटला. क्लायंटला आता नियमांच्या तीन आवृत्त्या हव्यात: करार झाला तर, नाही झाला तर, आणि 'मधलं काहीतरी' झालं तर. त्या मधल्याला नाव काय द्यायचं विचारलं. गॅरेथ म्हणाला, "तू ठरव." मी फाइलला नाव दिलं 'देव जाणे'. त्याला वाटलं संस्कृत आहे, छान म्हणाला.

वहिनीने वाती वळायला घेतल्यात. आचारी ठरला. पुरणपोळी आणि कटाची आमटी.

२२ मार्च, शुक्र.

मुदतवाढ. २९ गेली, आता १२ एप्रिल. आणि तेवढ्यात करार पास केला तर २२ मे. सकाळी आठला MRT मेट्रोत उभ्याउभ्या बातमी वाचली आणि ऑफिसात पोचायच्या आत माझी रजा रद्द झाल्याचं मेल. 'आपल्या हातात नसलेल्या परिस्थितीमुळे.' तुझ्या हातात नव्हती? मतपत्रिका कुणाच्या हातात होती मग?

हे तोंडावर बोलले नाही. माझा नोकरीचा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, जूनमध्ये रिन्यू व्हायचाय, अर्ज कंपनीने करायचा. सतीश म्हणतो, जा सरळ, बघून घेऊ. त्याला म्हणायला काय जातं, त्याची कंपनी वेगळी. पण खरं सांगायचं तर मी घाबरले, आणि त्या घाबरण्याचाच जास्त राग आलाय. चूक कुणाची? बेळगावात जन्मलेल्या, बाबांच्या मांडीवर बसून सीमाप्रश्नाच्या बातम्या ऐकलेल्या बाईने सीमाप्रश्नाच्या तारखेवर तिकीट काढावं? पुणेकराने केलं असतं तर समजू शकले असते.

२३ मार्च, शनि.

बाबांना सांगितलं. वाटलं होतं रागावतील, निदान टोमणा तरी मारतील.

"ढकल," म्हणाले. "मला सवय आहे ढकलायची. तू नीट काम कर."

नवी तारीख २१ एप्रिल. १२ ला ब्रे. झालं की १३ ला मी निघेन, असं मी पुन्हा सांगितलं. तोंडातून गेलं आणि मग ऐकू आलं, काय बोलतेय मी. बाबांनी आत्याला स्वतः फोन केला, सोबत्यांच्या घरी रिक्षाने जाऊन सांगून आले. दादा म्हणाला, दोन जिने चढून गेले एकाकडे.

न्हाणीघरात जाऊन रडले. रागानेच.

२८ मार्च, गुरु.

काल लंडनमध्ये आठ पर्याय मांडून आठांवर मतदान घेतलं. आठही नापास. आठ घरी मुलगी बघायला जायचं, पोहे आठही घरचे खायचे आणि आठही ठिकाणी नको म्हणायचं. या लोकांनी दीडशे वर्षं आम्हाला राज्य कसं करायचं ते शिकवलं.

ब्रेंडनचा बाप फोनवर म्हणाला म्हणे, गाईंना कुठल्या बाजूला ठेवू सांग. त्याने मला विचारलं. मी रिकामा रकाना दाखवला.

३० मार्च, शनि.

तिसऱ्यांदा आपटला. आज मी विमानात असायची. टेबल पुसलं, सानिकाचे शाळेचे मोजे धुतले.

६ एप्रिल, पाडवा

खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूला गुढी बांधली, दरवर्षीसारखी. समोरच्या चिनी आंटीने विचारलं, "अ‍ॅनिव्हर्सरी आह?" मी हो म्हटलं, समजावत बसायची ताकद नव्हती.

उद्या कार्यक्रम असायचा. त्याऐवजी बातमी: लंडनने ३० जूनपर्यंतची मुदत मागितलीय. वहिनीचा मेसेज आला, "मंजू, २१ तरी पक्की ना गं? आचाऱ्याला परत फोन करायचा म्हटलं की मला कसंतरी होतंय." पक्की म्हणून कळवलं.

८ एप्रिल, सोम.

पक्की नाही. जूनअखेरपर्यंत रजा बंद, सगळ्या टीमला.

मीटिंगमध्ये बोलले शेवटी. सगळ्यांसमोर. म्हटलं, गॅरेथ, माझे वडील एक्याऐंशी वर्षांचे आहेत. दोनदा माणसं बोलावली त्यांनी, एकदा नको म्हणून सांगितलंय, आता परत सांगायचं. मत तू दिलंस, ते तिकडे जिने चढतायत.

गॅरेथ लाल झाला. "हे बरोबर नाही, मंजिरी," एवढंच म्हणाला. बरोबर नव्हतंही कदाचित, त्याच्या एका मताने काय झालं असतं. पण बोलून झाल्यावर मला दोन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. ब्रेंडनने काया टोस्ट, नारळाच्या जॅमचा, आणून टेबलावर ठेवला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

संध्याकाळी दादाला सांगितलं. म्हटलं बाबांना तूच सांग. माझी हिंमत झाली नाही.

९ एप्रिल

दादा म्हणाला, सांगितलं. काय म्हणाले विचारलं. "काही नाही, पेपर वाचत होते. वाचत राहिले." आचाऱ्याला वहिनीने नाही, दादानेच फोन केला. वळलेल्या वाती डब्यात भरून ठेवल्यात.

११ एप्रिल, गुरु.

आता ३१ ऑक्टोबर. सहा महिने. सगळे थकले म्हणून एकमेकांना सुट्टी दिल्यासारखी. सीमेचं काय, तर काही नाही. बॅकस्टॉप जिथे होता तिथेच.

आमच्याकडे मात्र एकदम हवा पालटली. क्लायंटने तिन्ही आवृत्त्या बासनात गुंडाळायला सांगितल्या. महिनाभर जिच्यापायी घसा कोरडा केला ती 'देव जाणे' फाइल कुणी उघडूनही पाहिली नाही. दुपारी गॅरेथ स्वतः टेबलाशी आला. "तुझी रजा घे आता. हवी तेवढी. वडिलांना माझा नमस्कार सांग." पासाचा अर्ज मेमध्येच टाकतो म्हणाला. माणूस वाईट नाही. म्हणूनच राग कुठे ठेवायचा कळत नाही.

ब्रेंडनला विचारलं, तुझ्या बाबांना बरं वाटलं का. म्हणाला, "सहा महिन्यांत तर गाईचं एक वेतही होत नाही. त्यांनी काही विचारलंच नाही मला."

१२ एप्रिल, शुक्र.

तिकीट काढलं. ३ मेला निघायचं, ४ ला बेळगाव. ७ ला अक्षय्य तृतीया, मुहूर्त बघायलाही नको. संध्याकाळी बाबांना फोन केला. मुद्दाम दादाच्या फोनवर नाही, त्यांच्याच फोनवर.

"बाबा, आता नक्की. ऑक्टोबरपर्यंत काही होत नाही, बॉसने स्वतः सांगितलंय. अक्षय्य तृतीयेला करू."

"बरं."

"आत्याला कळवा ना. दादाला कार्यालयाचं बघायला सांगा."



"तू सांब्र्याला उतर," म्हणाले. "मग सांगतो सगळ्यांना."

"तिकीट काढलंय बाबा. पाठवू का फोटो?"

"काढलं असशील गे. मागचंबी काढलं होतंस."

चिडून बोलले असते तर भांडता आलं असतं. चिडले नव्हते. सीमाप्रश्नाची नवी तारीख पेपरात आली की आम्हा पोरांना जसे सांगायचे, नाचू नका, निकाल लागू दे, अगदी त्याच आवाजात. मग जेवलीस काय विचारलं, सानिकाची परीक्षा विचारली आणि फोन ठेवला.

जन्मभर सरकारांच्या तारखा ऐकल्या त्यांनी. आता त्यांत माझीही एक.

आत्याला सांगायचा मेसेज मीच लिहिला होता, तारखेसकट. पाठवला नाही अजून.