गढीतलं गाऱ्हाणं

शुक्रवार, ७ डिसेंबर १९९०. जुबैल, सौदी अरेबिया

सुट्टी. घरात नुसते युद्धाचे अंदाज, म्हणून कतीफच्या पलीकडे वाळवंटात जुनी गढी आहे, तिथे गेलो. तुर्की शिपायांचं ठाणं होतं म्हणे. आता पडक्या भिंती, कोसळलेला बुरूज, मध्ये बुजलेली विहीर. बाहेर वारा झोंबत होता. आत शिरलो आणि तो थांबला. भिंतींमुळे असेल. पण भिंतींना जागोजागी खिंडारं आहेत!

जगदीश वेंगुर्ल्याचा. पडक्या जागेत राखणदाराला विचारल्याशिवाय वावरायचं नाही, ही त्याच्या आईची शिकवण. वाटेत नारळ घेतलाच होता. विहिरीपाशी ठेवून त्याने मालवणीत गाऱ्हाणं घातलं — "बा राखणदारा, आमी परमुलखातली माणसां. आमकां तुझ्या शिवेत सांभाळ." गाऱ्हाण्याला दुसऱ्या कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं, नाहीतर ते पुरं होत नाही. आर्या हसायला लागली. "मम्मी, पपा किससे बात कर रहे हैं?" मग मीच म्हटलं, व्हय म्हाराजा. विश्वास नसताना, नवऱ्याचं मन राखायला. हे खोटं बोलणं झालं का?

सोमवार, १७ डिसेंबर

कुवेत सोडायला इराकला पंधरा जानेवारीची मुदत आहे. त्याआधी आम्ही तिघांनी भारतात जायचं ठरलं. पासपोर्ट कंपनीकडे, देशाबाहेर जायचा शिक्का त्यांनी आणल्याशिवाय हलता येत नाही. ऑफिसातला इसहाक हैदराबादचा, भला माणूस. म्हणाला, "भाभी, फाइल जाती है, वापस आ जाती है. सबकी नहीं, बस आप ही की."

बुधवार, २६ डिसेंबर

रियाधला निघालो होतो. तिथल्या पासपोर्ट कचेरीत जगदीशच्या मित्राची, अरविंदची ओळख आहे. काही जमलं तर पाहू म्हणून. नाक्यावर पुढच्या सगळ्या गाड्या सुटल्या. आमच्यापाशी शिपाई थांबला. प्रवासाच्या परवानगीचं कंपनीचं पत्र हातात, पण पाहत होता आमच्या मागे — रिकाम्या रस्त्याकडे. बराच वेळ. मग पत्र परत दिलं. खलास. मागे फिरा.

परतताना जगदीश एकदम म्हणाला, "शिवेत सांभाळ म्हटलं ना मी. तो शीव ओलांडू देईल कसा?"

मी फिजिक्सची बी.एस्सी. चिडले त्याच्यावर. पण घर येईपर्यंत मीही हाच विचार करत होते, की ही शीव नेमकी कुठवर असेल.

बुधवार, २ जानेवारी १९९१

फाइल पुन्हा परत. सायरनची चाचणी झाली. कंपनीने दिलेले विषारी वायूपासूनचे मास्क मोठ्यांच्या मापाचे. आर्याच्या चेहऱ्यावर राहत नाही.

शुक्रवार, ४ जानेवारी

पुन्हा गढी. जगदीशला आधीचे शब्द मागे घ्यायचे होते. म्हणाला, तूही आत चल, व्हय म्हणायला कुणीतरी हवं. दारापर्यंत गेले. विहिरीभोवतीची वाळू झाडलेली! केरसुणीच्या रेघा स्पष्ट. आणि ओली — अंगणात सडा घालतात तशी. जवळपास कुठे पाण्याचा थेंब नाही. नारळ नव्हता, करवंटीचा तुकडाही नाही. आणि झाडणाऱ्याची पावलं कुठेच उमटलेली नाहीत.

आर्या गाडीत एकटी आहे, असं काहीतरी बोलून परत आले आणि काचा वर करून बसले. भ्याले, एवढंच खरं.

जगदीश बऱ्याच वेळाने आला. इतका मोकळा चेहरा कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"बरं झालं, बाहेरून का होईना, पण व्हय म्हणालीस. मला वाटलं होतं, सगळं वाया जाणार."

मी म्हणाले नव्हते.

त्याच्याकडे पाहून मान हलवली. हो, मीच.

मग कोण म्हणालं? मालवणीत — इथे?

बुधवार, ९ जानेवारी

इसहाक पासपोर्ट घेऊन आला. शिक्के झालेत. दोनच — माझा आणि आर्याचा. जगदीशला प्लँट सोडत नाही. मी इसहाकशी भांडायला लागले, तेव्हा जगदीशने मला आत नेलं.

"तेंका सोड, माका ठेव, असं मोठ्याने मागितलं मी तिथे. तू ऐकलंस. व्हय म्हणालीस. मग आता का रडतेस, विभा?"